डाव्या दांडीवरचे विमान

मित्रांनो, मी एक जुना प्रोपो आहे. आता तुम्ही म्हणाल, हा कोण नवा प्राणी? आमच्या चिकुमा नदीकाठी, जमिनीवर उभे राहून आकाशातले छोटे विमान उडवण्याच्या यंत्राला सगळे प्रोपोच म्हणतात. चौकोनी डबा, समोर दोन दांड्या, डोक्यावर लांब अँटेना आणि गळ्यात अडकवायला पट्टा, एवढाच माझा संसार. अँटेना उघडली की मी फार दिमाखदार दिसतो. मिटली की जेवणाचा डबा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढची माझी घालमेल तुम्हाला कळणार नाही. विमान मी उडवतो, पण उडताना मला ते कधीच दिसत नाही. ते कुठे आहे, मजेत आहे की संकटात, हे मला दांड्यांवर टेकलेल्या अंगठ्यांवरून कळते. अंगठे सैल असले की मी निवांत. ते घट्ट झाले की समजावे, वर काहीतरी बिनसले.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला तिथे आम्ही दोन जातींचे प्रोपो एकाच पट्ट्यावर तयार होत होतो. दिसायला जुळे भाऊ. फरक एका स्प्रिंगचा आणि दोन तारांचा. ज्यांचा गॅस, म्हणजे इंजिनाचा वेग, डाव्या दांडीवर, ते दोन नंबरचे. त्यांची खोकी जहाजात चढत. ज्यांचा गॅस उजव्या दांडीवर, ते एक नंबरचे. ते बहुतेक देशातच राहत. मी एक नंबरचा. हा नंबर हुशारीचा नाही हे मला बऱ्याच उशिरा कळले, तोवर मी बराच ताठ्यात वागलो.

उएदा शहरातल्या यानागिसावाबाईंच्या दुकानात मी काचेच्या कपाटात बसलो होतो. एके दिवशी कुराशिना तोशिहारु नावाचा तरुण सुतार आत आला. सरकती दारे आणि त्यांच्या कागदी चौकटी करणे हा त्याचा धंदा. बरोबर नवी नवरी, फुसाए. तोशिहारुची नजर माझ्यावर नव्हतीच. ती शेजारच्या भल्यामोठ्या, खटक्यांनी भरलेल्या प्रोपोवर होती.

"तो नको," यानागिसावाबाई म्हणाल्या. "शिकवणार कोण तुला?"

"नाकाजो-सान."

"मग नाकाजोचे हात जे जाणतात तेच घे. त्याचा गॅस उजवीकडे, तुझाही उजवीकडे. हे खटके बघून भुलू नकोस. बायको काय बटणं मोजून केलीस?"

फुसाए तोंडावर हात ठेवून हसली आणि मी त्यांच्या घरी आलो.

मग सुखाची वर्षे आली. नदीच्या पात्रात गवत कापून केलेली धावपट्टी, पलीकडे अक्रोडाची झाडे, आणि त्यांच्यामागे उन्हाळा लागेपर्यंत बर्फ न सोडणारे डोंगर. अँटेनाला माझ्या रेडिओ-लहरीच्या रंगाची फीत बांधल्याशिवाय मला सुरू करायचे नाही, हा मैदानाचा नियम. एकाच लहरीवर दोघे सुरू झाले तर वरचे विमान दगडासारखे खाली येते. नाकाजो-सान फार कडक म्हातारा. कुणी फीत विसरला तर त्याला दिवसभर गवत कापायला लावायचा. तोशिहारु मात्र त्याचा लाडका होता. चौकटी घासून घासून त्याच्या बोटांना असा हलकेपणा आला होता की माझ्या दांड्या त्याच्या हातात लोण्यातून फिरल्यासारख्या फिरत. शरदातल्या जत्रेला गावचे लोक बांधावर बसून त्याचे विमान बघायचे आणि माझी छाती फुगायची. कौतुक विमानाचे व्हायचे, हे मला ठाऊक होते, पण फुगायला कोण अडवतो?

नाकाजो-सान गेले. पुढे एका शरदात, ओसरीवर पर्सिमनची फळे वाळत टांगली होती तेव्हा, तोशिहारु आपल्या कारखान्यात रंधा हातात असतानाच कोसळला. दवाखान्यातून तो परत आला, पण उजवा हात पूर्वीचा राहिला नाही. मूठ वळायची, बोटे ऐकायची नाहीत. आणि बोलणे उशिरा यायचे. शब्द त्याला सापडत, पण समोरचा वाट बघून निघून गेल्यावर. लोक मग त्याची वाक्ये स्वतःच पुरी करू लागले. तो "चहा" म्हणायच्या आधी चहा येई, "नको" म्हणायच्या आधी पेला भरे. हळूहळू त्याने बोलणेच सोडले.

मी फळीवर पडून राहिलो. फुसाएने माझी बॅटरी काढून ठेवली होती म्हणून बरे, नाहीतर ती आतल्या आत फुटून माझे आतडे खाऊन बसली असती. कितीतरी प्रोपो असे मेलेत. पण धूळ साचायची ती साचलीच. माझ्याच वर दोरीने टांगलेली होती हिबारी, म्हणजे चंडोल, तोशिहारुने आजारापूर्वी केलेले विमान. पंख वर उचललेले, अंगावर कागद आणि रेशीम, अजून एकदाही न उडालेले. खाली, शेगडी बसवलेल्या बुटक्या मेजावरच्या रजईत पाय घालून तोशिहारु बसायचा आणि वर बघायचा नाही. मला त्याचा राग यायचा. नंतर रडू यायचे.

दर आठवड्याला कोमियामा यायचा. क्लबातला माणूस, मनाने सोन्यासारखा, आवाजाने नगाऱ्यासारखा. कंपनीच्या कामासाठी अनेक वर्षे अमेरिकेत राहिलेला, विमान उडवायला तिथेच शिकलेला. त्यामुळे त्याचा गॅस डावीकडे. "तुमचं सगळं उलटं!" असे तो आमच्या मैदानावर सगळ्यांना सांगायचा, आणि सगळे त्याला सांगायचे, "तुझंच!" तोशिहारुशी तो बहिऱ्याशी बोलावे तसा ओरडून बोलायचा.

बर्फ वितळायला लागले त्या दिवसांत एकदा तो असाच ओरडत बसलेला असताना तोशिहारुने डावा हात वर केला. कोमियामाला थांबवायला फुसाएने डोळे वटारले. बऱ्याच वेळाने शब्द आले.

"एकदा. नदीवर. पडलं तर... सगळं चुलीत. मग मला... बाहेर बोलवायचं नाही. कुणीच."

फुसाएने हातातली चहाची किटली खाली ठेवली. चौकट एकदा जुळवली की तोशिहारु ती पुन्हा खोलत नसे, आणि बोललेले परत घेत नसे, हे तिला माहीत होते. एकच उड्डाण. विमान उतरले तर नवरा परत माणसांत येणार. पडले तर तो उरलेले आयुष्य त्या रजईत काढणार. मित्रांनो, तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला.

"मग साधन पण तसंच पाहिजे, वहिनी!" कोमियामा बाहेर पडताना म्हणाला. "हा जुना डबा नको. मी येतो दुकानात, नवा घेऊ. हा मोबदल्यात देऊन टाका."

दुसऱ्या दिवशी फुसाएने मला रुमालात बांधले. रुमाल चार टोकांनी गाठला की आतल्याला बाहेरचे गाठीच्या फटीतून दिसते तेवढेच, पण मला बघायची गरज नव्हती. मला विकायला नेत होते.

यानागिसावाबाई आता यानागिसावा आजी झाल्या होत्या. दुकान तेच, काठी नवी. मी गल्ल्यावर गाठोड्यात बसलो आणि शेजारी कोमियामाच्या पसंतीचे, दोन नंबरचे नवे प्रोपो एकेक करून मांडले जाऊ लागले. कोमियामाने एक उचलला.

"हा बघा वहिनी, पडदा आहे. बोलतोसुद्धा! बॅटरी उतरली की बाईच्या आवाजात सांगतो."

"घरात एक बाई बोलतेय, तेवढी पुरे आहे त्यांना," फुसाए म्हणाली. "आजी, तुमच्याकडे दोरी आहे का हो?"

"कशाला गं?"

"माझा उजवा हात कमरेला बांधा."

कोमियामा हसायला लागला. आजी हसल्या नाहीत. त्यांनी खोकी बांधायची सुतळी घेतली आणि फुसाएचा हात तिच्या कमरेशी नीट, दुखणार नाही असा बांधला. फुसाएने तो बोलका प्रोपो गळ्यात घातला.

"आता सांगा, विमान वर कसं न्यायचं?"

"सोपं आहे. उजवी दांडी मागं ओढा."

"उजवा हात तर बांधलाय."

"मग... वळायचं असलं तर..."

"तेही उजवीकडंच ना? आणि डाव्या हाताला काय?"

"गॅस," कोमियामाचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "सवय होते हो, वहिनी."

"कुणाला, कोमियामा-सान? तुम्हाला की त्यांना?"

तिने एकेक करून सगळे प्रोपो गळ्यात घालून पाहिले. बांधलेला हात दरवेळी सुतळीला ओढ देत होता, आणि दरवेळी ती "नाही" म्हणून पट्टा काढत होती. शेवटचा पट्टा तिने गल्ल्यावर ठेवला. "आजी, एका हाताच्या माणसासाठी कुणीच काही करत नाही का हो?"

"ते गाठोडं सोड," आजी म्हणाल्या.

गाठ सुटली. उजेड आला. आजींनी पदराने नव्हे, आपल्या दुकानातल्या डगल्याच्या बाहीने माझ्यावरची धूळ पुसली आणि मला फुसाएच्या गळ्यात घातले. "डावी दांडी मागं ओढ. काय होतं?"

"नाक वर."

"आणि आडवी हलवली की?"

"शेपटीचं सुकाणू." फुसाए थबकली. "दोन्ही डाव्यावरच."

"हिबारीच्या पंखांत वळायच्या झडपा आहेत का?"

"नाहीत. पंखच वर उचललेत. ती शेपटीवरच वळते."

"मग उजवीकडं उरलं काय? गॅस. त्या दांडीला स्प्रिंग नाही. मुठीनं ढकलली की ढकलली तिथं बसते. मूठ वळते ना त्याची?"

फुसाएने मान हलवली.

"नवाही मिळेल असा, एक नंबरचा. मला विकायला काय, माझं दुकानच आहे," आजी म्हणाल्या. "पण ही डावी दांडी बघ, त्याच्या अंगठ्यानं झिजलीय. नव्या दांडीशी ओळख करून घ्यायला त्याला वेळ आहे का? त्याच्याकडं एकच फेरी आहे."

त्या दिवशी नवी बॅटरी तेवढी घेतली गेली. गाडीत कोमियामा "ठीक आहे, पण मी शेजारी उभा राहणार," एवढेच म्हणाला. आणि मित्रांनो, खरे सांगतो, त्या क्षणी मला तो आवडला.

फुसाएने जुन्या कमरपट्ट्याच्या कापडाचा रुंद पट्टा शिवला, गळ्यातून आणि कमरेतून जाणारा, म्हणजे मला धरायला हातच लागू नये. समोर एक आकडी. ती अडकवली की मी तोशिहारुच्या पोटाशी मेजासारखा बसलो.

मैदानावर त्या रविवारी क्लबातले सगळे आले होते आणि सगळे नको तितके शहाण्यासारखे वागत होते. कुणी थट्टा करेना, कुणी भाताचे गोळेसुद्धा सोडून खाईना. चेरी नुकत्याच फुलल्या होत्या, पण वारा थंड होता आणि डोंगरावरून थेट नदीत उतरत होता. फीत बांधली. अँटेना ओढली. आधी मी सुरू, मग विमान. कोमियामाने हिबारीचे इंजिन चालू करून दिले आणि धावत येऊन तोशिहारुच्या डाव्या खांद्याशी उभा राहिला. उजव्या खांद्याशी फुसाए.

"घाबरायचं नाही, कुराशिना-सान! मी आहे! मी आहे!"

उजवी मूठ माझ्या दांडीवर आली. थरथरत होती. तिने रेटा दिला, दांडी कटकट करत पुढे गेली. इंजिन ओरडले, आवाज लांब गेला, आणि डावा अंगठा हलकेच मागे आला. एवढेच. बांधावरून कुणीतरी "गेलं!" म्हणाले, आणि फुसाएचा श्वास मला ऐकू आला.

पहिल्या वळणाला अंगठा लाकडासारखा ताठ होता. दुसऱ्याला जरा कमी. मग मला तो जुना हलकेपणा जाणवला. तोच अंगठा, तेच झिजलेले टोक. मुठीने गॅस थोडा मागे घेतला आणि हिबारी आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. मला दिसत नव्हती, पण ती मजेत होती, हे मी शपथेवर सांगेन.

मग वारा वाढला. इंजिनाचा आवाज नदीच्या खालच्या अंगाला सरकू लागला.

"अक्रोडांकडं चाललंय," फुसाए हळूच म्हणाली.

"वळवा! वळवा!" कोमियामा.

तोशिहारुने वळवले. तीव्र वळण घेतले की विमान नाक खाली टाकते, मग ते अलगद ओढून उचलायचे असते. अंगठ्याने ओढायला सुरुवातही केली होती. मला ते ठाऊक होते, कारण माझीच दांडी ती. पण खालून बघणाऱ्याला फक्त झाडांवर पडत चाललेले विमान दिसते.

"पडतंय! वर घ्या! वर!"

"थां..." तोशिहारु म्हणाला. "थां..."

शब्द वाटेत होता. कोमियामाला वाट बघता आली नाही. आकडी खट्कन सुटली आणि मी दुसऱ्याच हातांत गेलो. मोठे, गरम, घाईचे हात. उजव्या अंगठ्याने उजवी दांडी पार मागे खेचली. त्याच्या सवयीत तिने नाक वर येते. माझ्यात तिने गॅस बंद होतो. डाव्या अंगठ्याने डावी दांडी पुढे रेटली. त्याच्या सवयीत तो गॅस. माझ्यात नाक खाली.

इंजिन थांबले. आकाशातून आवाजच नाहीसा झाला.

मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. भल्या माणसा, सोड! सोड! आणि त्याने सोडल्याच दोन्ही दांड्या, त्या इतक्या झटक्यात सुटल्या की डावी मध्यावर येऊन थरथरली.

"हा एक नंबरचा आहे!" कोमियामा किंचाळला. "माझे हात... वहिनी, माझ्या हातांना येत नाही हे!"

"दे."

छोटा शब्द होता. म्हणून की काय, सरळ आला.

आकडी लावायला वेळ नव्हता. कोमियामा मटकन गुडघ्यांवर बसला आणि त्याने मला दोन्ही हातांनी तोशिहारुच्या पोटासमोर ताटासारखे धरले. त्याची पाठ विमानाकडे. झिजलेल्या टोकावर ओळखीचा अंगठा आला. गॅस आता मेलाच होता, उजव्या हाताला कामच उरले नव्हते. जे काही होते ते सगळे डाव्या दांडीवर.

"कुठंय? कुठंय विमान?" कोमियामाने वर बघून विचारले. त्याचा घाम माझ्यावर टपकत होता.

"हलू नका," फुसाए म्हणाली. "झाडांच्या शेंड्यांवर आहे."

अंगठा हळूच मागे. थांबला. किंचित डावीकडे. पुन्हा मध्यावर. कोमियामाचे हात कापायला लागले तेव्हा त्याने कोपरे छातीशी घट्ट दाबली आणि श्वास रोखला. नदीचा आवाज तेवढा येत होता.

"झाडं ओलांडली," फुसाए. "पण पट्टीपर्यंत नाही यायची. खाली आलीय. फार खाली आलीय हो."

अंगठा घाईला आला नाही. ओढून धरले की विमान आणखी पुढे जाईल असे नवख्याला वाटते आणि तिथेच ते मरते. तोशिहारुने नाक उलट जरासे खाली दिले. हिबारीला वेग आला, आणि मग, अगदी शेवटी, अंगठा केसाएवढा मागे, आणखी केसाएवढा, आणि तसाच धरलेला.

खर्रर्र असा आवाज झाला. वाळूवरून चाके घासल्याचा.

"पट्टीच्या अलीकडं," फुसाए म्हणाली. "वाळूत. एक चाक गेलं. उभी आहे, अहो, उभी आहे ती!"

कोमियामाने मला वर धरलेलेच होते. तसेच धरून त्याने कपाळ वाळूला टेकवले. "माफ करा, कुराशिना-सान. माफ करा. मला वाटलं... मी थांबायला हवं होतं..."

तोशिहारुचे ओठ हलत होते. शब्द कुठून तरी निघून बऱ्याच वेळाने पोहोचला.

"...थांब."

क्षणभर कुणालाच कळले नाही. मग फुसाएला कळले, मग कोमियामाला. कोमियामाने वाळू लागलेले कपाळ वर करून पाहिले आणि तोशिहारु हसायला लागला. आपलाच उशिरा आलेला शब्द बघून तो इतका हसला की त्याचा वाकडा हातही हलला, डोळ्यांत पाणी आले, आणि बांधावरची माणसे खाली धावत आली.

"चाक," तो म्हणाला. सगळे जागीच थांबले. त्या दिवशी त्याच्यासाठी कुणी वाक्य पुरे केले नाही. "चाक... बसवतो. पुढच्या रविवारी."

मित्रांनो, अशा माझ्यासारख्या जुन्या यंत्राने शेवटी काहीतरी मागायची रीत आहे, म्हणून मागतो. आम्हाला निवडायला जाल तेव्हा पडदे आणि खटके बघू नका. आम्हाला जो वापरणार आहे त्याचा हात आधी बघा, जमल्यास स्वतःचा बांधून बघा. ठेवून द्याल तेव्हा बॅटरी काढा आणि एखाद्या वेळी धूळ पुसा. एवढे केलेत तरी मी तुमचे उपकार मानेन. पण ते जमले नाही तरी चालेल. कुणाचा हात थरथरत असेल, कुणाचा शब्द वाटेत असेल, तर त्याच्या हातातले ओढून घेऊ नका. जवळ उभे राहा, लागलेच तर गुडघ्यांवर बसून धरा, आणि तो शब्द येईपर्यंत वाट बघा.